वय २०, तिसरं वर्ष, आणि पेशंट विचारतात “कितवीत गं तू?”

एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २०, एमबीबीएसचं तिसरं वर्ष, उंची चार फूट दहा, वजन ३८ किलो. वॉर्डात हिस्टरी, म्हणजे आजाराची माहिती, घ्यायला गेलं की पेशंट म्हणतात “बाळा, मोठ्या डॉक्टरांना पाठव”, एका आजोबांनी “कितवीत गं तू?” विचारलं आणि आजूबाजूच्या खाटा हसल्या. हॉस्टेलचा नवा वॉचमन कुणाची तरी धाकटी बहीण समजून अडवतो. हिल्स घालू का, झिरो नंबरचा चष्मा लावू का, हॉर्मोनच्या टेस्ट करू का, आणि इंटर्नशिपलाही असंच चाललं तर पेशंट माझ्यावर विश्वास कसा ठेवणार?

आधी एक सांगून टाकते, तुला ‘तू’ म्हणतेय ते लहान दिसतेस म्हणून नाही. मी मेडिसिन शिकवते, सरकारी हॉस्पिटलात, आणि माझ्या सगळ्याच स्टुडंट्सशी तसंच बोलते, सहा फुटी पोरांशीसुद्धा. माझी स्वतःची उंची चार फूट अकरा आहे, तेव्हा हा विषय मला पुस्तकातून कळलेला नाही.

मला वाटतं तू तीन वेगळ्या गोष्टींची एकच मोट बांधलीयस. शरीरात काही बिघडलंय का ही एक. बाहेरचे लोक, वॉचमन, थिएटरवाला, लग्नात भेटणाऱ्या लांबच्या मावश्या लहान समजतात ही दुसरी. आणि पेशंट मनावर घेत नाही ही तिसरी. पहिलीचं उत्तर एका दुपारीत मिळतं, दुसरीचं उत्तर शोधत बसायची गरज नाही, खरा त्रास तिसरीचा आहे आणि तिच्यावर तू जे उपाय शोधतेयस ना, हिल्स, चष्मा, टेस्ट, त्यातला एकही तिला लागू पडत नाही.

शरीराचं आधी उरकू. तू पाळीबद्दल काहीच लिहिलेलं नाहीस, ओपीडीत आली असतीस तर मी पहिला प्रश्न तोच विचारला असता. पाळी कधी सुरू झाली आणि आता वेळेवर येते का. १५ वर्षांपर्यंत पाळी आलीच नसेल किंवा १३ पर्यंत छातीची वाढच सुरू झाली नसेल तर त्याचा तपास त्याच वयात व्हायला हवा, आणि कुणाचा राहून गेला असेल तर विशीतही करायलाच हवा. टर्नर सिंड्रोम, म्हणजे एक एक्स गुणसूत्र नसल्याने किंवा अपुरं असल्याने उंची आणि पाळी अडणं, तू वाचलं असशीलच, साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एक, आणि त्यातल्या काही मुली फार उशिरा सापडतात कारण घरचे म्हणत असतात “आमच्यात सगळ्या बुटक्याच”. पण पाळी बाराव्या-तेराव्या वर्षी आली, महिन्याच्या महिन्याला येते, तर हॉर्मोनची लांबलचक यादी करून लॅबला पैसे द्यायचं काही कारण मला दिसत नाही.

आता घरी फोन कर आणि आईबाबांची उंची विचार. सेंटिमीटरमध्ये दोघांची बेरीज करायची, मुलीसाठी त्यातून १३ वजा करायचे आणि दोनने भागायचं. समजा बाबा १६५ आणि आई १४८, तर उत्तर येतं १५०, आणि त्याच्या आठेक सेंटिमीटर वर-खाली सगळं नॉर्मलच धरतात. तुझे चार फूट दहा म्हणजे १४७. भारतातल्या बायकांची सरासरीच १५२ च्या आसपास आहे. म्हणजे तू बुटकी आहेस, मीही आहे, पण आजारी म्हणावं असं त्यात काही नाही. आणि पाळी सुरू झाल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांत मुलींची उंची थांबते, हाडांच्या टोकाच्या ग्रोथ प्लेट बंद होतात, त्यामुळे विसाव्या वर्षी उंची वाढवून देतो म्हणणारी कुठलीही पावडर, गोळी, लटकायची दांडी ही सरळ फसवणूक आहे. हे तुला फिजिऑलॉजीत शिकवलंय, तरी रात्री मोबाईलवर जाहिरात दिसली की फिजिऑलॉजी विसरायला होते, म्हणून परत लिहिलं.

वजनाचं मात्र मी सोडणार नाही. १४७ ला ३८ किलो म्हणजे बीएमआय १७.६ येतो, १८.५ च्या खाली तो कमीच. मेसचं जेवण, सकाळी चहा-बिस्किटावर पोस्टिंग, दुपारी दोन-अडीचला पहिलं धड खाणं, असं चाललं असेल तर ते आधी सुधार. हिमोग्लोबिन आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची टेस्ट, एवढं करून घे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया, आणि आपल्याकडे तो किती कॉमन आहे तर एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना निघाला. अंडी, उसळी, शेंगदाण्याचा लाडू, जे परवडतं आणि मिळतं ते खा, पण मोठं दिसण्यासाठी नाही, तीन तास राऊंडला उभं राहून चक्कर येऊ नये म्हणून. आणि वजन वाढवायचं ‘आयुर्वेदिक’ चूर्ण कुणी आणून दिलं तर घेऊ नकोस, असल्या बिनलेबलच्या चूर्णात स्टिरॉइडची भेसळ सापडलेली आहे, त्याने गाल फुगतात आणि चेहरा चंद्रासारखा गोल होतो, म्हणजे तू आहेस त्याहून लहान दिसशील.

मुलगे हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोन ओळी. दाढी भरायला पंचविशीही उजाडते, घरात बाबांना-काकांना उशिरा आली असेल तर तुम्हालाही उशिराच येणार. पण १४ पूर्ण होऊनही वयात यायची काहीच लक्षणं सुरू झाली नव्हती, आवाज अजून फुटलेला नाही, त्यात वासही नीट येत नसेल, तर लाजत न बसता एंडोक्रिनॉलॉजिस्टला, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरला भेटा, त्यावर उपचार असतात. जिमवाल्याने दिलेलं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेऊ नका, बाहेरून मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं आणि वीर्यातले शुक्राणूही कमी होतात.

बाहेरच्या लोकांचं काय करायचं? काही नाही. ‘ए’ सर्टिफिकेटच्या सिनेमाला अडवलं तर डिजिलॉकर उघडून दाखव, हॉस्टेलच्या वॉचमनला आयकार्ड दाखव आणि पुढे जा, आठवड्याभरात तो ओळखायला लागेल. एसटीत १२ वर्षांपर्यंत हाफ तिकीट असतं, पूर्वी माझ्या बुटक्या विद्यार्थिनी तक्रार करायच्या की कंडक्टर नुसता बघून हाफ फाडतो आणि मग सगळ्यांसमोर वय सांगावं लागतं. मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना एसटीत निम्मं तिकीट झालं, त्यामुळे हा तंटा मिटला. सरकारने आमचा एक प्रश्न न विचारता सोडवला म्हणायचा.

आता वॉर्ड.

लहान वाटण्याचा संबंध उंचीपेक्षा चेहऱ्याशी जास्त असतो. कॉनराड लोरेंझ नावाच्या शास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मांडलं होतं की मोठे डोळे, गोल कपाळ, भरलेले गाल, छोटी हनुवटी असं काही दिसलं की माणसाच्या मनात आपोआप ‘हे पिल्लू आहे, याला सांभाळायचं’ असं येतं. पुढे मानसशास्त्रज्ञांनी मोठ्या माणसांच्या चेहऱ्यांवर हे तपासलं तर असाच चेहरा असलेली मोठी माणसं लोकांना प्रेमळ वाटतात, भोळी वाटतात आणि कामाला जरा कच्ची वाटतात. म्हणजे पेशंट मुद्दाम अपमान करत नाहीये.

आणि त्याच्या बाजूने बघ जरा. तो तीन दिवस खाटेवर पडलाय. सकाळपासून सिस्टर, मामा, मावशी, इंटर्न, रेसिडेंट, राऊंडला सर आणि सरांच्या मागे पंधरा पोरं अशी सगळी येऊन गेलीत, कुणीही स्वतःचं नाव सांगितलेलं नाही, दोघांनी रक्त काढलंय, एकाने एक्स-रे नेला तो परत आलेला नाही, आणि आता एक मुलगी वही छातीशी धरून उभी राहते आणि विचारते “काय होतंय तुम्हाला?”. त्याच्याकडे तुझ्याबद्दल माहिती काय आहे? फक्त चेहरा. मग तो चेहऱ्यावरनंच ठरवणार ना, दुसरं काय करेल. म्हणून मी माझ्या मुलींना सांगते की चेहरा बदलायच्या मागे लागू नका, त्याला चेहऱ्याशिवाय दुसरी काहीतरी माहिती द्या, आणि ती पहिल्या मिनिटात द्या.

मी बोलायला शिकवते ते साधारण असं: “नमस्कार काका. माझं नाव अमुक अमुक. मी इथे डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, राऊंडला येतात त्या मॅडमच्या हाताखाली शिकते. तुमच्या आजाराची माहिती विचारायचीय आणि पोट तपासायचंय, वीस मिनिटं लागतील. आत्ता चालेल का जेवण झाल्यावर येऊ?” यात नाव आलं, वर्ष आलं, कुणाची माणूस आहेस ते आलं, वेळ किती लागणार ते आलं आणि त्याला निवड मिळाली. त्या शेवटच्या वाक्याने जेवढा फरक पडतो तेवढा कशानेच पडत नाही, कारण सकाळपासून त्याला “चालेल का” असं कुणीच विचारलेलं नसतं.

‘मी डॉक्टर आहे’ असं म्हणायचं नाही. ते खोटं आहे हा एक भाग झालाच, पण शिवाय ते पुढच्याच प्रश्नाला उघडं पडतं. पेशंट लगेच विचारतो “मग घरी कधी सोडणार?” आणि तुझी बोबडी वळते, आणि ती वळलेली दिसते त्याला. त्यापेक्षा “ते मॅडम ठरवतात, मी राऊंडला विचारते आणि येऊन सांगते” हे खरं उत्तर आहे. फक्त मग खरंच विचार आणि खरंच येऊन सांग, अगदी उत्तर “अजून ठरलं नाही” असं असलं तरी. परत आलेल्या माणसाला वॉर्डात मान असतो, कारण तिथे परत कुणी येत नाही.

आवाजाचं एक बघ. घाबरलो की आपला आवाज वर चढतो, वाक्याचं शेपूट वर जातं आणि स्पीड वाढतो, त्यात पाठ केलेली प्रश्नांची माळ असते, कुठे दुखतं कधीपासून दुखतं कसं दुखतं कशाने वाढतं कशाने कमी होतं, श्वास न घेता. पेशंटला कळतं की ही पोरगी माझ्याशी बोलत नाहीये, धडा म्हणतेय. त्यापेक्षा एक मोकळा प्रश्न विचार, “सुरुवातीपासून सांगा काय झालं ते”, आणि दोन मिनिटं गप्प बस. खरंच गप्प. स्टुलावर बसून, वही मिटून. बसलेल्या माणसाला घाई नसते असं पेशंट धरून चालतो, उंचीचा प्रश्नही आपोआप संपतो, आणि त्याने सांगितलेल्या गोष्टीतलाच धागा पकडून तू पुढचा प्रश्न विचारलास की तुझं वय त्याच्या डोक्यातून गेलेलं असतं.

वय विचारलंच तर “वीस. बरं, हा ताप रात्रीचाच येतो का?” एवढंच. खुलासा नको, लाजून हसणं नको, आणि स्वतःच्या उंचीवर स्वतः विनोद करायचा नाही, हे मी फार कडक सांगते, कारण एकदा तू केलास की तो विनोद करायची परवानगी सगळ्या वॉर्डाला मिळते.

मग हात. पेशंटला तुझं ज्ञान दिसत नाही, हात दिसतात. बीपीचा पट्टा उलटा गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला, नळी खाली आली, परत सोडला, हे झालं की तू सहा फुटी असलीस तरी पोरच. हॉस्टेलवर रूममेटच्या दंडावर बांधून बांधून इतकी सवय कर की पट्ट्याकडे न बघता बोलता आलं पाहिजे. नाडी बघताना मनगटी घड्याळ वापर, सेकंद काटा असलेलं. नाडीवर बोट ठेवून मोबाईल बाहेर काढलास की त्याला वाटतं ही मेसेज बघतेय.

पोट तपासताना खाट उंच असेल तर पेशंटला चढायला जी लोखंडी पायरी ठेवलेली असते ती पायाने ओढून घे आणि तिच्यावर उभी राहा, किंवा खाटेच्या कडेला टेक. यात लाजण्यासारखं काही नाही. बुटक्या मुली टाचा उंच करून, हात वरून वाकडा करून पोट दाबतात, मग बोटांची टोकं टोचतात, पेशंट पोट कडक करतो आणि लिव्हर हाताला लागत नाही. हात पोटाला समांतर आला पाहिजे. सीपीआरला, म्हणजे हृदय बंद पडलेल्या पेशंटची छाती दाबताना, तर पायरी हवीच, छाती पाच-सहा सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२०, ते खालून नुसत्या मनगटाच्या जोरावर होत नाही, कोपर ताठ आणि खांदे बरोबर वर लागतात. इंटर्नशिप सुरू व्हायच्या आत कॅज्युअल्टीत पायरी कुठे असते ते बघून ठेव.

कपड्यांबद्दल. हिल्स नको, वॉर्डात पाय दुखतात, टकटक आवाजाने झोपलेले पेशंट उठतात आणि ओल्या लादीवर घसरायला होतं. चष्मा नंबर नसताना नको. खरा उपाय एप्रनमध्ये आहे. कॉलेजच्या बाहेर तयार मिळणारे एप्रन मुलांच्या मापाचे असतात, तुझा नक्की खांद्यावरून उतरत असेल आणि बाह्या दुमडलेल्या असतील. दोन एप्रन शिंप्याकडून मापाने शिवून घे, खांद्याची शिवण खांद्यावर, लांबी गुडघ्याच्या जरा वर. आणि नेमप्लेट मराठीत कर, मोठ्या अक्षरात, नाव आणि खाली ‘एमबीबीएस विद्यार्थिनी’. आपले निम्मे पेशंट इंग्रजी वाचत नाहीत आणि आपण छातीवर इंग्रजी लावून फिरतो आणि वर म्हणतो आम्हाला ओळखत नाहीत. प्रॅक्टिकलला साडी नेस असा सल्ला सीनियर देतील, साडीची सवय असेल तर खुशाल नेस, नसेल तर तू गॅदरिंगला आईची साडी नेसलेली आठवीतली मुलगी दिसशील, त्यापेक्षा इस्त्रीचा कुर्ता बरा.

आता एक गोष्ट जी तू लिहिली नाहीस पण मी पैज लावते की होत असेल. तुझ्या बॅचमधली पोरं तुला काय हाक मारतात? छोटी? पिल्लू? आणि ती हाक वॉर्डाच्या या टोकावरून त्या टोकाला येते का? मग पेशंटला दोष देऊन काय उपयोग. कँटीनमध्ये काय म्हणायचं ते म्हणू देत, वॉर्डात नावाने हाक मारा असं सांगून टाक. एखादे सरच पेशंटसमोर “ही आमची शाळकरी डॉक्टर” म्हणत असतील तर ते जास्त अवघड आहे, ते कसे आहेत यावर अवलंबून. बहुतेकदा ते कौतुकानेच म्हणत असतात, राऊंड संपल्यावर एकटं गाठून “सर, पेशंट मग हिस्टरी देत नाहीत” एवढं म्हटलं की पुरतं. मान-अपमान काढायचा नाही, कामाची अडचण सांगायची.

“पोरी”, “बाळा”, “माझी नात तुझ्याएवढी आहे” हे दुरुस्त करत बसू नकोस. सत्तर वर्षांची आजी मलाही “पोरी” म्हणते, तू आज्जी म्हण आणि पुढे चल. “सिस्टर” म्हटलं तरी चिडायचं नाही, ते सगळ्याच लेडी डॉक्टरांना म्हणतात, त्याचा वयाशी संबंध नाही, आणि तिसऱ्या वर्षाला सिस्टरना तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त येतं. पण तरणाताठा पेशंट किंवा नातेवाईक “वय काय, लग्न झालं का, नंबर दे” करत असेल तर ते लहान समजणं नाही, ते वेगळं आहे, तिथे उत्तर द्यायला तू बांधील नाहीस. उठून ये, रेसिडेंटला सांग, परत जायचं तर कुणाला तरी बरोबर घेऊन जा.

आणि कुणी नाहीच म्हटलं तर? म्हणू दे. विद्यार्थ्याला तपासू न देण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे, आणि कारण दर वेळी तुझा चेहराच असतो असं नाही, सकाळी त्याला तीनदा सुई टोचली असेल. “बरं काका, आराम करा” म्हण आणि पुढच्या खाटेवर जा. पहिल्या दिवशी रेसिडेंट किंवा इंटर्नने सोबत येऊन “या आमच्या युनिटच्या आहेत” एवढं म्हटलं तर काम निम्मं होतं, तसं विनंती करून बघ. माझा अनुभव सरकारी हॉस्पिटलचा आहे, प्रायव्हेट कॉलेजात पैसे भरून आलेला पेशंट जास्त काचकूच करतो, तिथे ओळख करून देणारं माणूस लागतंच.

या चेहऱ्याचा एक फायदा मात्र मी वर्षानुवर्षं बघतेय. आमच्यासमोर बायका “नाही हो, तंबाखू वगैरे काही नाही” म्हणतात आणि दुपारी थर्ड इयरच्या नातीसारख्या दिसणाऱ्या मुलीला सांगतात की रोज दोनदा मिश्री लावते. बीपीची गोळी दोन महिन्यांपासून बंद आहे, भगताकडे जाऊन आलोय, सुनेने डबा पाठवलाच नाही, हे सगळं तुझ्याच वहीत येणार. मात्र ते ऐकून ओरडायचं नाही, डोळेही मोठे करायचे नाहीत. राऊंडला केस सांगताना ते बरोबर जागी सांग, पेशंटने ज्यांच्यापासून लपवलं त्यांच्यासमोर तिची फजिती होणार नाही अशा बेताने, लागलं तर खाटेपासून दोन पावलं बाजूला होऊन. मोठ्या मॅडम थांबून तुझं ऐकतायत, गोळ्या बदलतायत, हे पेशंट खाटेवरून बघत असतो. दुसऱ्या दिवशी तो तुला कितवीत म्हणून विचारत नाही, आणि शेजारच्या खाटेवर नवीन आलेल्याला तोच सांगतो की या पण डॉक्टरच आहेत, सांगा यांना.

इंटर्नशिपची काळजी आत्ता नको, तोवर पट्टा बांधता येईल आणि एप्रन मापाचा असेल. नवीन पेशंटचे नातेवाईक मला अजूनही विचारतात “मॅडम कधी येणार?”, मी म्हणते “आल्या, बोला”.

पाळीचं, आईबाबांच्या उंचीचं आणि हिमोग्लोबिनचं काय ते लिही. १२ च्या खाली आलं तर लोहाची गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नकोस, आधी किती आहे ते सांग, मग बघू.